आधी सीट, मग बकेट : ट्रॅक्टरचा बॅकहो घरी बनवताना कमरेचाही हिशेब मांडा



हरभरा घरात आला, वावरं मोकळी झाली. आता धुऱ्याच्या नाल्या, पाईपलाईन आणि शेततळ्याच्या कामांचे दिवस. गेल्या काही दिवसांत बऱ्याच सभासदांनी एकच प्रश्न विचारला : "ताई, ट्रॅक्टरच्या मागं लावायचा छोटा जेसीबी घरीच बनवता येते का? मोबाइलवर पाहिला."

थोडक्यात उत्तर : येतो. पण कोणी बनवावा, कोणी बनवू नये आणि बनवताना आधी काय करावं, हे थोडक्यात सांगता येत नाही. म्हणून आजचा संदेश मोठा आहे. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा. घरात कोणाची कमर दुखत असेल तर त्यांना वाचून दाखवा.

मी कृषी पदविका केलेली, अवजारांची इंजिनिअर नाही. पण हे मशीन आमच्याच घरात बनलं. माझ्या काकांनी बनवलं आणि बनवता बनवता त्यांची कमर गेली. जे सांगते ते त्यातूनच शिकलेलं आहे.

*काकांना मशीन का हवं होतं?*

आमचं वावर दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. जमीन काळी, चिकण, खोल. खालचं पाणी खारं, म्हणून पावसाचंच पाणी गोड. आणि तेच पाणी जुलै-ऑगस्टमध्ये वावरात तुंबलं की तूर पिवळी पडते आणि मर लागते. आमच्या खालच्या कोपऱ्यातली दोन एकर तूर दर दोन वर्षांनी अशीच जायची. उपाय एकच : धुऱ्याच्या कडेनं नाली, आणि दरवर्षी तिची साफसफाई.

गावात जेसीबी आहे, पण मे महिन्यात सगळ्यांनाच तो लागतो. आपला नंबर येईपर्यंत पाऊस येतो. काका म्हणाले, "दुसऱ्याच्या मशीनची वाट पाहून पाहून तूर सडली. आता मीच बनवतो."

काकांची कमर तेव्हाही दुखतच होती. तीस वर्षं ट्रॅक्टरवर बसलेला माणूस. कास्तकाराला कमरेचं दुखणं नवीन नसते, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

*कल्पना वेडेपणाची नाही*

आपण ज्याला सरसकट 'जेसीबी' म्हणतो, त्याचं मागचं खोदायचं हात म्हणजे बॅकहो. त्याची सुरुवात ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं अवजार म्हणूनच झाली. अमेरिकेत वेन-रॉय कंपनीनं १९४७ मध्ये पूर्ण हायड्रॉलिक बॅकहो तयार केला आणि १९४८ मध्ये फोर्डच्या लहान ट्रॅक्टरवर बसवून एका वीज कंपनीला विकला. इंग्लंडच्या जेसीबी कंपनीचा बॅकहो १९५३ मध्ये आला आणि भारतात त्यांचं उत्पादन हरियाणातल्या बल्लभगड इथं १९७९ मध्ये सुरू झालं.

आपल्याकडेही गरजेतून अवजार बनवणारी माणसं आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचं चाक आणि हँडल वापरून कोळपं बनवलं. वाकून निंदण्याऐवजी उभ्यानं ढकलायचं. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्यांच्या कामाची दखल घेतली. अवजार लहान आहे, पण त्यात माणसाची कमर आधी धरलेली आहे. आमच्या काकांनी हीच गोष्ट शेवटी ठेवली होती.

*कमर कशी गेली*

डिसेंबरची गोष्ट. काकांनी भंगारातून जुने हायड्रॉलिक जॅक, चॅनल आणि जाड पत्रा आणला. आधी बकेट बनवायला घेतली. वेल्डिंग जमिनीवर, उकिडवं बसून, दोन-दोन तास. एका संध्याकाळी बकेट तयार झाली आणि ती बाजूला सरकवायला काका एकटेच वाकले. उचलली आणि उचलता उचलता वळले. तिथंच खाली बसले.

कमरेतली कळ डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. तीन दिवस कूस बदलता आली नाही. अकोल्याला दाखवलं. मणक्यातली गादी सरकून नस दबली होती. ऑपरेशन लागलं नाही. पण डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलणं बंद, ट्रॅक्टर बंद आणि रोज थोडं थोडं चालणं सुरू, असं सांगितलं.

ती बकेट किती वजनाची होती? हा हिशेब प्रत्येकानं लिहून ठेवा : *१ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा = ७.८५ किलो.* काकांच्या बकेटला ८ मिमीचा पत्रा साधारण ०.९ चौरस मीटर लागला होता. ०.९ × ८ × ७.८५ = सुमारे ५६ किलो. युरियाची गोणी ४५ किलोची असते, ही तिच्यापेक्षा जड. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेनं एका माणसानं उचलायची मर्यादा २३ किलो धरली आहे. तीही वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर आणि न वळता उचललं तर. वाकून, वळून, हात लांब करून उचललं की ही मर्यादा आणखी खाली येते.

*बनवायचा की भाड्यानं आणायचा?*

उत्साहात येण्याआधी कागद घ्या. समजा, ४०० फूट नाली काढायची आहे, २ फूट रुंद आणि ३ फूट खोल. म्हणजे २,४०० घनफूट, साधारण ६८ घनमीटर माती.

घरच्या मशीनची बकेट ४० लिटरची. चिकण मातीत ती पूर्ण भरत नाही, ३० लिटर धरा. एक फेरी ४० सेकंदांची म्हणजे तासाला ९० फेऱ्या आणि २.७ घनमीटर माती. पूर्ण नालीला लागतील सुमारे २५ तास. तेच काम मोठा जेसीबी दोन-तीन तासांत उरकतो.

म्हणून :
• नवीन मोठी नाली, शेततळं, विहिरीचा मलबा : भाड्याचं मशीन आणा. तीन-चार सभासदांनी मिळून एकाच दिवशी बोलावलं तर येण्या-जाण्याचा खर्च वाटला जातो.
• संत्र्याचे खड्डे : ६ × ६ मीटरवर हेक्टरी २७७ झाडं बसतात. वरुड-मोर्शीकडच्या भावांनो, एवढ्या खड्ड्यांसाठी बॅकहो बनवू नका. ट्रॅक्टरवर चालणारं खड्डे खोदायचं यंत्र भाड्यानं घ्या. फक्त काळ्या मातीत ते खड्ड्याची भिंत घासून गुळगुळीत करते आणि मुळं आत शिरत नाहीत. लावणीआधी कुदळीनं भिंत खरवडून घ्या.
• दरवर्षीची नाली सफाई, फुटलेली पाईपलाईन उघडणं, धुऱ्यावरची खोडं काढणं : अशी बारीकसारीक कामं वर्षभर असतील, ट्रॅक्टर घरचा असेल आणि भरवशाचा वेल्डर व लेथवाला जवळ असेल, तरच बॅकहो परवडतो.

वर्षाचे किती तास काम आहे ते लिहा. गावातल्या जेसीबीच्या तासाच्या भाड्यानं गुणा. तो आकडा लोखंड, जॅक, पंप, पाईप आणि मजुरीच्या खर्चासमोर ठेवा. दोन-तीन वर्षांत पैसा निघत नसेल तर विषय सोडा. गटानं अवजार बँकेतून यंत्र घ्यायचं असेल तर महाडीबीटीवरची कृषी यांत्रिकीकरणाची माहिती आपल्या कार्यालयात मिळेल.

*आधी सीट*

सहा आठवडे काका खाटेवरून वही-पेन घेऊन विचार करत होते. तेव्हा एक गोष्ट त्यांच्याच लक्षात आली. वहीत बूम होता, बकेट होती, जॅक होते. माणूस कुठं बसणार हे कुठंच नव्हतं.

ट्रॅक्टर चालवताना कमर दोन कारणांनी जाते. एक, हादरे. सेकंदाला चार-सहा वेळा होणारा हादरा कमरेच्या मणक्यांना सगळ्यात जास्त हलवतो, आणि ट्रॅक्टरच्या सीटवरचे हादरे त्याच्याच आसपास असतात. दोन, मान आणि कंबर मागं वळवून अवजाराकडं पाहणं. बॅकहो चालवताना ट्रॅक्टर उभा असतो, म्हणून हादरे कमी. पण ट्रॅक्टरच्याच सीटवरून मागं वळून लिव्हर ओढत बसलात, तर तासाभरात शेकडो वेळा तीच वळलेली कंबर. काही जण खाली उभे राहून लिव्हर चालवतात, ते तर आणखी धोक्याचं. ते पुढं सांगते.

म्हणून नवीन नकाशा सीटपासून सुरू झाला :
१) सीट बॅकहोच्या सांगाड्यावर, तोंड मागं बकेटकडं, पाठीला टेका असलेली.
२) बसल्यावर दोन्ही तळवे फळीवर सपाट टेकले पाहिजेत.
३) लिव्हर कोपराच्या उंचीला, पुढं न वाकता हात पोचेल इतक्या जवळ.
४) न वाकता बकेटचे दात दिसले पाहिजेत.
५) चढा-उतरायला एक-एक फुटावर पायरी आणि धरायला दांडा. उडी मारायची नाही. उडीचा सगळा मार मणक्यावर बसतो.
६) इंजिन बंद करायची सोय सीटवरून हाताला येईल अशी.

मातीवर खडूनं आखून, लाकडी पाटावर काकांना बसवून आम्ही मापं घेतली. एक रुपयाही खर्च न होता पहिले तीन नकाशे चुकीचे निघाले.

*मग बाकीचं मशीन*

*सांगाडा :* फक्त थ्री पॉइंट लिंकेजवर बॅकहो टांगू नका. बकेट जमिनीत अडकली आणि जॅकनं जोर लावला, की सांगाडा वर उसळून बसलेल्या माणसाला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दाबू शकतो. शिवाय तो सगळा ताण ट्रॅक्टरच्या मागच्या बिडाच्या डब्यावर येतो, आणि बीड वाकत नाही, तडकते. दोन लांब चॅनल ट्रॅक्टरच्या खालून पुढच्या एक्सलजवळपर्यंत नेऊन कंपनीच्याच भोकांत बोल्टनं आवळा. चेसिसला नवीन भोक नको, वेल्डिंग नको.

*ताकद :* जॅकचा जोर = तेलाचा दाब × पिस्टनचं क्षेत्रफळ. ६३ मिमीच्या जॅकचं क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर. दाब १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर असला तर जोर ४,६०० किलोच्या वर. जॅक पिनपासून ३० सेंटिमीटरवर आणि बकेटचे दात १५० सेंटिमीटरवर असतील, तर दाताला त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे ९०० किलोच्या वर जोर मिळतो. नालीला एवढा पुरे. यापेक्षा मोठा जॅक लावला तर मातीआधी तुमचं वेल्डिंग तुटेल.

*वेग :* मिनिटाला २० लिटर तेल देणाऱ्या पंपावर हाच जॅक सेकंदाला १० सेंटिमीटर सरकतो. ६० सेंटिमीटर बाहेर यायला सहा सेकंद. हळू वाटते, पण नवशिक्याला हळूच बरं.

*तोल :* मशीन ४०० किलोचं आणि मागच्या एक्सलपासून एक मीटर मागं असेल, तर दोन मीटर चाकअंतराच्या ट्रॅक्टरचं पुढचं टोक २०० किलोनं हलकं होते. बूम लांबवला की आणखी हलकं. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा राहिला पाहिजे, म्हणून पुढं वजनं लावा. खोदताना दोन्ही बाजूचे पाय टेकवल्याशिवाय बकेट हलवू नका. रस्त्यावरून जाताना बूम गुंडाळून लोखंडी पिननं अडकवा, फक्त तेलाच्या भरवशावर सोडू नका.

*जड काम दुसऱ्याला :* पत्रा कापणं, पिन-बुश लेथवर करणं आणि बूमची मुख्य वेल्डिंग जाणत्या कारागिराकडून करून घेतली. घरी फक्त जुळवाजुळव. तीही कमरेच्या उंचीच्या टेबलावर, आणि वजन उचलायला झाडाला नाही, लोखंडी तिकाटण्याला बांधलेला चेन ब्लॉक. ट्रॅक्टरला जोडून वेल्डिंग करायची असेल तर आधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा. फेब्रुवारीपासून काकांनी २० किलोच्या वर काही उचललं नाही. चिडले, पण उचललं नाही.

*एक वीत अंतर*

एप्रिलमध्ये पहिली चाचणी. सीट बोल्टवर बसवायची बाकी होती. काका म्हणाले, "दोन मिनिटांसाठी काय बसायचं." आणि खाली उभे राहूनच लिव्हर ओढली. बूम वर गेला आणि एका पाईपाचा जोड निसटला. तेल उडालं, बूम धाडकन खाली बसला. काकांच्या पायापासून एक वीत लांब.

कोणी काही बोललं नाही. काकांनीच इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "माह्यंच चुकलं. सीट बसल्याशिवाय आता चाबी लावायची नाही."

त्या दिवसानंतरचे आमच्या घरचे नियम, तुम्हीही भिंतीवर लिहा :
• बूम वर असताना त्याखाली किंवा त्याच्या घेऱ्यात कोणी नाही. उतरण्याआधी बकेट जमिनीवर टेकवायची.
• पाईप दाबाला साजेसा, तारेच्या जाळीचा, नवाच घ्यायचा. भंगारातला जॅक चालेल, भंगारातला पाईप नाही.
• तेल गळते का ते हातानं चाचपायचं नाही, पुठ्ठा फिरवून पाहायचं. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारं दाबाचं तेल कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसते, दुखतही नाही, पण काही तासांत बोट, हात जाऊ शकतो. असं झालं तर मलम लावत बसू नका. १०८ ला फोन करा आणि 'हायड्रॉलिक तेल आत गेलं' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.
• पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. झाकण नसेल तर दुपट्टा, गमछा, पदर ओढला जायला अर्धा सेकंदही लागत नाही.
• कमरेपेक्षा खोल चरात कोणी उतरायचं नाही. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात, आणि भिंत त्या भेगेवरच तुटून पडते.
• खोदण्याआधी महावितरणची केबल, पाण्याची पाईपलाईन, शेजाऱ्याची लाईन विचारून घ्यायची.

खोदायची वेळ वाफशाची. ओली माती बकेटला चिकटून बसते, आणि मे महिन्यात तीच माती विटेसारखी होते. मशीनही ठोकते आणि माणूसही. आता फेब्रुवारी-मार्चमध्ये खाली थोडी ओल आहे, तोवर उरका.

*कमर दुखत असेल तर*

रोज गोळी खाऊन ट्रॅक्टरवर बसू नका. दुखणं दाबणाऱ्या गोळ्या रिकाम्या पोटी, महिनोन्‌महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात. साध्या कमरदुखीत पडून राहण्यापेक्षा झेपेल तितकं चालणं चांगलं. काम करताना दर अर्ध्या-पाऊण तासानं उतरा आणि चार पावलं चाला.

पण ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा : लघवी अडणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाऊल उचलता न येणं, कमरदुखीसोबत ताप, किंवा पडल्यानंतर सुरू झालेली जोरदार कळ. अकोल्याला सर्वोपचार रुग्णालय आहे, अमरावतीला जिल्हा सामान्य रुग्णालय म्हणजे आपलं इर्विन. 'पेरणी झाल्यावर दाखवू' म्हणू नका. दबलेली नस पेरणीची वाट पाहत नाही.

*आज काय स्थिती आहे?*

मशीन चालते. मागच्या हंगामाआधी काकांनी खालच्या कोपऱ्यातली नाली साफ केली. एका दिवशी नाही, आठ-दहा सकाळी मिळून. जुलैत पाणी तुंबलं नाही आणि त्या दोन एकरांतली तूर उभी राहिली. काकांची कमर मात्र पहिल्यासारखी झाली नाही. थंडीत अजून डावा पाय मुंग्या येऊन जड होतो. मोबाइलमध्ये ४० मिनिटांचा गजर लावतात, वाजला की इंजिन बंद करून खाली उतरतात.

परवा त्यांना विचारलं, पुन्हा बनवाल का? म्हणाले, "बनवीन. पण बकेट आधी नाही बनवणार."

तुम्ही बनवायचं ठरवलं असेल तर लोखंड विकत घेण्याआधी कागदावरचा नकाशा जाणत्या माणसाला दाखवा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अमरावती जिल्ह्यात घातखेड आणि दुर्गापूरची कृषी विज्ञान केंद्रं आहेत. किसान कॉल सेंटरचा मोफत क्रमांक १८००-१८०-१५५१. आणि नकाशात बसायची जागा काढली नसेल तर तो अर्धाच आहे असं समजा.

ज्यांच्याकडं असं मशीन आधीच आहे त्यांनी सीटचा आणि सांगाड्याच्या जोडणीचा फोटो याच क्रमांकावर पाठवा. लिहायला जमत नसेल तर बोलून पाठवा. पुढच्या संदेशात तूर काढणीनंतरच्या खोल नांगरटीबद्दल बोलू.

आपली,
कृषी सल्लागार, शेतकरी उत्पादक कंपनी